एकच रेषा

टिळेकर सर निलोफरच्या खुर्चीमागे उभे होते. तिने आखलेली वायरलेस संदेशांसाठीची चिप आज पहिल्यांदा सुरू व्हायची होती. चिपमधल्या घड्याळाचा ठोका चारही कोपऱ्यांना एकाच क्षणी पोहोचायला हवा. आधीच्या चिपमध्ये तो नेणाऱ्या लांबलचक तारांनीच निम्मी वीज खाल्ली होती. निलोफरने मधोमध एक आखूड वाट काढली. "एवढ्याने भागेल?" सगळ्यांनी विचारलं. सरांनी मात्र सही केली. चिप फसली तर त्यांचा विभागच बंद होणार होता.

निलोफरने वीज सुरू केली. पडद्यावर प्रत्येक कोपऱ्याची एक, अशा चार रेषा उमटायला हव्या होत्या. उमटली एकच.

"तीन कोपरे मेले," सर हळूच म्हणाले. "असू दे गं. सही माझी होती."

तिने बटण फिरवून ती रेषा जराशी वर सरकवली. खाली दुसरी होती. तिच्याखाली तिसरी, मग चौथी. चारही तंतोतंत एकावर एक बसल्या होत्या.

"सर, चारही जिवंत आहेत!"

"आणि वीज?"

"आधीच्या चिपपेक्षा एक तृतीयांश कमी."

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मग ऊठ आणि मला बसू दे. गुडघे केव्हाचे लटपटतायत."