राहू द्यायचं गवत

पुस्तकलाबाईच्या परसातल्या बोडीत सफाईसाठी आणून सोडलेला यंत्रमासा कामाला भारी निघाला. आठ दिवसांत त्यानं त्या छोट्या तळ्यातलं शेवाळ, पाणगवत, सगळं चरून टाकलं. तळाचा गोटा न् गोटा दिसू लागला, आणि तिच्या नवऱ्याच्या, नीलकंठच्या गळाला मासा लागेनासा झाला. गुडघे गेल्यापासून त्याचा गावतलाव सुटला होता. काठावर बाज टाकून या बोडीत गळ सोडणं एवढंच उरलं होतं.

"परत करून टाक त्याले," तो म्हणाला. "मासोळ्या लपतीन कुठं? अंडी घालतीन कुठं?"

"त्याले काय मालूम जी? कोणी शिकवलं काय?"

ती गावतलावातून गवताच्या काड्या घेऊन आली, पायरीवर बसली आणि पाण्यात हात हलवून तिनं यंत्रमाशाला बोलावलं. नव्या सुनेला शिकवलं होतं तसंच त्यालाही एकेक दाखवलं.

"हे शेवाळ, खा. हे लांब पानाचं मी लावून राहिली, याले राहू दे."

दिवाळीपर्यंत काठाला गवत दाटलं आणि गळाला ओढ बसू लागली. यंत्रमासा मात्र शंका आली की काडी तोंडात धरून पायरीशी यायचा, तिच्या शब्दाची वाट पाहायचा.

आज तो आला तेव्हा त्याच्या तोंडात नीलकंठच्या गळाची दोरी होती. दुसरं टोक हातात धरून नीलकंठ बाजेवरून दोघांकडे पाहत राहिला.

पुस्तकलाबाईनं जरा जास्तच वेळ विचार केला.

"राहू दे," ती म्हणाली. "हे बी बोडीतलंच आहे."