आईंची बैठक

"दार तीन फुटांचं हवं," सासूबाई म्हणाल्या.

प्लंबरनं जमिनीवरच्या खडूच्या रेघेकडे पाहिलं. "आजी, बाथरूमला अडीच फूट पुरतं. तीन फुटी दार लोक हॉलला लावतात."

"मला जाड व्हायचंय. पुसा ती रेघ."

त्यानं बुटाच्या टाचेनं रेघ पुसली. सून टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. नव्या घराला अजून खिडक्या लागल्या नव्हत्या, पण तळमजल्यावर बाथरूम एकच, आठ बाय सहाचं, हे ठरून गेलं होतं. तेवढ्याशा जागेत नवरा, सून, सात वर्षांची ठमी आणि सासूबाई अशा चौघांची सकाळ कोंबायची होती. सुनेच्या मनात मात्र पाचवं माणूस होतं.

तिची आई. उजवं अंग लुळं पडल्यापासून ती मुलाकडे राहत होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर्षभरात चारदा खाली उतरली होती, चारही वेळा दवाखान्यात जायला. नव्या घरात सासूबाईंच्या खोलीला लागून एक छोटी खोली रिकामी राहणार होती. तिथे आईला आणायचं, एवढंच सासूबाईंना विचारायचं होतं. तेच जमत नव्हतं.

नवऱ्यानं केव्हाच अंग काढून घेतलं होतं. "तूच विचार. मला ती तोंडावर नाही म्हणेल. तुला म्हणताना निदान चहा तरी पाजेल."

मग सुनेनं आपलं धोरण ठरवलं. बाथरूमबाबत सासूबाई म्हणतील ती पूर्व दिशा. माणूस खूश झालं की हळूच विषय काढायचा. दिलेलं असलं की मागायला तोंड राहतं. अडचण एवढीच, की सासूबाई घ्यायच्या थांबेनात.

पहिल्या दिवशी बाथटब गेला. ठमीनं त्यात कागदी होड्यांची शर्यत लावायचं ठरवलं होतं. "होड्या बादलीत सोड," आजीनं निकाल दिला. "तिथे पक्की बैठक बांधा. बसून आंघोळ करता आली पाहिजे."

"अठरा इंच उंच करतो," प्लंबर म्हणाला. "तुम्ही उंच आहात."

"सोळा."

"गुडघे हनुवटीला लागतील, आजी."

"म्हातारपणी माणूस आखूड होतं. सोळा लिहा."

दुसऱ्या दिवशी उंबरा गेला. तिसऱ्या दिवशी वॉशिंग मशीन मागच्या गॅलरीत गेलं, कारण सासूबाईंना मधोमध वळायला ऐसपैस जागा हवी होती. मोजायची टेप आता त्यांच्याच पिशवीत असायची. रविवारी तर ती घेऊन त्या दुपारभर कुठेतरी जाऊन आल्या. "आई आता गावभर लोकांची बाथरूमं मोजत फिरतेय," नवरा म्हणाला.

मग निघाला कमोडशेजारी धरायचा दांडा.

"डावीकडे लावा."

"सगळे उजवीकडे लावतात."

"सगळ्यांच्या उजव्या हातात टॉवेल नसेल. माझ्या असतो."

प्लंबरनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान डोलावली. ओठांवर हसू होतं, पोटात राग होता. ही बाई अडुसष्टाव्या वर्षी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढते. भाजीवाल्याशी पाऊण तास उभ्यानं वाद घालते. आणि बाथरूम असं आखतेय, जणू उद्यापासून पलंग धरणार आहे. स्वतःच्या म्हातारपणाची एवढी बेगमी करणारं माणूस दुसऱ्याच्या म्हातारपणाला वीतभर तरी जागा सोडेल का?

शुक्रवारी प्लंबरनं कागदावर पक्का नकाशा काढून दिला. कोणती वस्तू कुणाची ते त्यावर लिहा म्हणाला, म्हणजे उंची ठरवताना त्याच्या माणसांचा घोळ होणार नाही. लिहायचं काम अर्थातच सासूबाईंकडे आलं. त्यांनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती, आणि प्लंबरच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घही त्यांनी पहिल्याच दिवशी सुधारून दिले होते.

"तुझ्याच तोंडचं लिहिते," त्या पेन्सिल घेत म्हणाल्या. "कामावर तू उभी राहणार, माणसं तुलाच विचारणार."

संध्याकाळी सुनेनं नकाशा ओट्यावर पसरला. अक्षर मोत्यासारखं. 'ह्यांचा आरसा.' 'ठमीचं स्टूल.' 'माझं कपाट.' कपाट तिनं मागितलंही नव्हतं. तिला जरा बरं वाटलं. बैठकीवर, दांड्यावर आणि दारावर एकाच माणसाची मालकी होती: 'आईची बैठक.' 'आईचा दांडा.' 'आईचं दार.'

ती थबकली. पुन्हा वाचलं.

'ई'वर टिंब नव्हतं. अकरा वर्षांत सासूबाईंविषयी बोलताना तिच्या तोंडून 'आईंची'खेरीज दुसरं काही निघालं नव्हतं. तुझ्या तोंडचं लिहिते म्हणणाऱ्या बाई तीन ठिकाणी मानाचं टिंब विसरल्या होत्या, आणि तेही स्वतःच्याच मानाचं.

सुनेला इतका आनंद झाला, की तिचा सगळा राग उतरला. तिनं पेन्सिल घेऊन तिन्ही टिंबं ठळक दिली. आज विचारायचंच. चूक सापडलेलं माणूस जरा मऊ असतं.

सासूबाई खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होत्या.

"आई, सापडलात बरं का. तीन टिंबं खाल्लीत तुम्ही. मी दिली."

"मी? टिंबं?"

"बघा ना. आणि आई, आणखी एक विचारायचं होतं. ती शेजारची छोटी खोली आहे ना..."

सासूबाईंनी हात पुसून चष्मा लावला. नकाशा उजेडात धरून तिन्ही ठिकाणं नीट पाहिली. मग खोक्यातून खोडरबर शोधून काढला आणि एकेक टिंब पुसत, वर न बघताच विचारलं, "स्वतःच्या आईला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?"