सोडलेला चहा

रवी सरांनी बशीतला चहा फुर्रर्र करून ओढला आणि छायाबाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"बोला ना, ऐकतोय मी," सर म्हणाले.

कसलं ऐकतायत! गंगापूर रोडवरच्या त्या गारेगार खोलीत समुपदेशकाच्या तोंडाचाच आवाज भरून राहिला होता. एवढा शिकलेला माणूस, पण बशी सुटत नव्हती. घोट संपला की जिभेनं टॉक् करायचं, मग पेनानं टेबलावर टकटक. छायाबाईंचं डोकं नुसतं भणभणायचं.

"सर, तेवढा आवाज नका करू. मला सहन नाय होत."

"अरे, सॉरी!" सर मनापासून ओशाळले. पुढचा घोट तसाच.

ज्ञानेशराव गेल्यापासून निफाडचं घर शांत झालं होतं, तरी छायाबाईंना झोप नव्हती. मळ्यात द्राक्षाच्या वेलीखालीच नवरा कोसळला. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. त्या रडल्या नाहीत. तेराव्याला एवढंच म्हणाल्या, "मी चहा सोडला." गेलेल्या माणसाच्या आवडीची वस्तू आपल्याकडे सोडतातच. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. लेकीनं, वेदिकानं, मात्र आईला नाशिकला आणलं आणि या खुर्चीत बसवलं.

"आज त्या सकाळबद्दल बोलूया," सर म्हणाले. दर वेळी गाडी तिथंच यायची. "मळ्यात जाण्याआधी घरात काय झालं?"

"काय व्हायचंय? रोजच्यासारखंच."

"मन मोकळं केल्याशिवाय झोप येणार नाही, छायाताई."

घरी येऊन त्या वेदिकाला म्हणाल्या, "दुसरा माणूस बघ बाई. लय आवाज करतो हा."

"आई, चहाच्या आवाजावरून कोणी डॉक्टर बदलतं का?"

पुढच्या खेपेला त्या थर्मास घेऊन गेल्या.

सरांचा चेहरा उजळला. "तुम्ही चहा केलात? स्वतः? ही फार मोठी गोष्ट आहे!"

"टपरीचा किती दिवस पिणार? घ्या."

सरांनी दोन कप मांडले, मग एक मागं घेतला. "विसरलोच. तुम्ही सोडलाय."

छायाबाईंनी पर्स घट्ट धरली. सरांनी बशी भरली. फुर्रर्र. टॉक्.

"छान झालाय. जरा कडसर लागतोय का?"

छायाबाईंच्या हातातली पर्स सैल झाली. कितीतरी दिवसांनी त्यांना जांभई आली.

"हेही तेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी."