डावा काठ

होडी पुन्हा डावीकडे वळली.

"डावीकडे चाललीय," पुढे बसलेला नवरा मान न वळवता म्हणाला.

"हात नवे आहेत हो माझे," ती मागून म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज बारीक व्हायचा. आत्ताही झाला.

तळं शहराच्या मधोमध होतं. इंजिनाच्या होड्यांना तिथे बंदी. दोन वल्ह्यांची चुबुकचुबुक सोडली तर सगळं चिडीचूप. एकतीस वर्षं बस चालवलेला तिचा नवरा सवयीने पुढेच बसला होता. निघताना होडीवाला तिला हळूच म्हणाला होता, "बाई, दिशा मागच्याच्या हातात असते बरं." ते तिला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात येऊन ती विचारूनच गेली होती.

डाव्या काठावर एक पिवळं घर होतं. त्याच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. त्या घरात त्यांची मुलगी राहत होती. एकटी, शिवणयंत्राच्या जिवावर. चार वर्षांपूर्वी ती सासर सोडून बॅग घेऊन आली, तेव्हा बापाने दारातच अडवलं होतं. "आलीस तशी परत जा." ती परत फिरली, पण सासरी गेली नाही. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायची सोय उरली नव्हती. आईने काढलं नाही. फोनही केला नाही. नवऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हेच ती लग्नापासून शिकली होती. पत्ता शेजारणीकडून कळला, तरी रस्त्याने तिकडे जायला पाय धजले नाहीत. पाण्यावरून निदान लांबून पोर दिसेल, एवढाच तिचा बेत होता. जमलं तर त्यालाही दिसेल.

"दुखऱ्या खांद्याला व्यायाम होईल तुमच्या," असं निमित्त तिने काढलं होतं. तो लगेच हो म्हणाला. गुरुवारची डेपोतल्या मित्रांची बैठक सोडून! साधी कोथिंबीर आणायला सांगितली तरी तीनदा कुरकुरणारा माणूस. ती तिथेच गोंधळली होती.

पिवळं घर जवळ आलं. दोरीवर वाळत घातलेली ओढणी दिसली. हा पोरीला नको ते बोलला तर? भरत आलेली जखम आपणच उकरून काढतोय. नकोच ते. तिने घाईने वल्हं दुसऱ्या बाजूला टाकलं.

होडी आता उजवीकडे वळायला हवी होती. वळली नाही.

तिने जोर लावला. होडी घराकडेच. वारा म्हणावा, तर पाण्यावर सुरकुती नव्हती. आपलंच काही चुकतंय का? बाजू उलटी धरली का? तिने हात थांबवले, वल्हं मांडीवर घेतलं. होडी चालतच राहिली. तेव्हा कुठे तिचं लक्ष नवऱ्याच्या हातांकडे गेलं. तो फक्त उजव्या बाजूने वल्हवत होता. लांब, भरदार ओढी. खांदा दुखत असल्याची काही खूण नाही.

"अहो, बाजू बदला ना. परत फिरू या. ऊन चढतंय."

"आता कुठे परत? आलोच की."

"आलो? कुठे आलो?"

त्याने आणखी एक ओढ मारली. होडी पायऱ्यांपाशी अलगद टेकली.

"उतरताना जपून," तो म्हणाला. "पाण्याखालची दुसरी पायरी निसरडी आहे."

तिने खाली पाहिलं. पाणी हिरवंगार, गढूळ. एकही पायरी दिसत नव्हती. तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मागचं दार उघडलं. गळ्यात मापाची टेप अडकवलेली मुलगी बाहेर आली. बापाला पाहून दचकली नाही. त्याने फेकलेला दोर तिने झेलला, कडीला बांधायला वाकली, आणि मग तिला मागे बसलेली आई दिसली. दोर हातातच राहिला.

"बाबा," ती म्हणाली, "आणलंत एकदाचं आईला!"