आठवा माणूस

राजुरीच्या बँकेत शूटिंग झालेला दरोड्याचा सिनेमा दुपारी टीव्हीवर चौथ्यांदा लागला होता. ओलीस म्हणून गावातलेच सात जण फरशीवर पालथे पडलेले.

"चांगद्याला बघ, घोरतोय जणू!" फुलाबाई सुनेला हसत म्हणाल्या. "पण आज आठ कसं गं?"

बाळाला पाजता पाजता वैष्णवीनं वर पाहिलं. आठव्याच्या बाहीचं बटण लाल दोऱ्यानं लावलेलं होतं. नवरा, कपिल, कामाला निघताना आज सकाळीच तिनं ते घाईघाईत लावलं होतं.

"आई, हे तर शूटिंगला नव्हतेच की."

तिनं कपिलला फोन लावला. पडद्यावर आठव्याच्या खिशात रिंग वाजली. बंदूकवाला त्याच्याकडे वळला. तिनं फोन कट करायच्या आत तिकडून कुणीतरी उचलला.