दोन, चार, सहा

"पाने समोरासमोर की एकाआड एक?" झाडं ओळखायच्या पुस्तकातला पहिला प्रश्न तिने वाचला आणि फांदीकडे न बघताच लिहिलं, समोरासमोर.

त्यात बघायचं काय? त्याच पानांवर तर ती दोनदोन करत मोजायला शिकली होती. आई तिला मांडीवर घेऊन बाल्कनीतल्या कुंडीशी बसायची आणि तिचं बोट एकेका जोडीवर टेकवायची. दोन, चार, सहा. सहानंतर ती हमखास सात म्हणायची आणि आई हसत सुटायची. आई गेली, कुंडी राहिली. झाडाचं नाव मात्र आईबरोबरच गेलं. ते शोधायचं, एवढ्याचसाठी तिने कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. मैत्रिणी म्हणाल्या, वेड लागलंय तुला. लागलं असेल.

आज प्रॅक्टिकलला प्रत्येकाने घरून एक फांदी आणायची होती. कुंडीतल्या झाडाला यंदा पहिल्यांदाच फूल आलं होतं, नखाएवढं, पिवळं. दुपारची प्रयोगशाळा पेंगुळली होती. पंखा आळसावून फिरत होता. भिंगाखाली ते फूल मोठं होत होत खोलीएवढं झालं आणि त्या पिवळ्या खोलीत ती हळूच शिरली. मधोमध पुंकेसरांचा खांब, भिंतींवर बारीक शिरा आणि कुठूनतरी ऐकू येणारं दोन, चार, सहा. किती वेळ गेला कोण जाणे. आता नाव मिळणार, या आनंदात तिने पुस्तक पुन्हा पुढ्यात ओढलं.

पण नाव मिळेना. एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढच्या प्रश्नाकडे जायचं आणि असं करत शेवटी झाडापाशी पोचायचं, अशी त्या पुस्तकाची रीत. ती पुन्हा पुन्हा निघाली आणि दर वेळी भलतीकडेच पोचली. एकदा तर चक्क वेलीपाशी.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "पहिल्याच वळणावर चुकलीस. हे बघून लिहिलंस की आठवून?"

तिने फांदी उचलली. एक पान इकडे, दुसरं त्याच्या वर पलीकडच्या बाजूला. जोडी एकही नव्हती.

"मॅडम, झाड मोठं झालं की पानं जागा बदलतात?"

"काही झाडांत बदलतात. याच्यात नाही."

मग नाव चटकन सापडलं. चिकणा. रस्त्याच्या कडेला कुठेही उगवतो.

घरी येताना तिला वडिलांची छाटणी आठवत राहिली. कोथिंबीर आणि गवत यांतला फरक न कळणारा माणूस अधूनमधून कुंडी उचलून बाहेर न्यायचा, "छाटून आणतो" म्हणायचा. परत आलेलं झाड ओळखू येत नसे. पण आईचं आहे म्हटल्यावर कोण निरखून बघतंय!

वडील बाल्कनीत मगने पाणी घालत होते. "सापडलं का गं आईच्या झाडाचं नाव?"

"बाबा, हे आईचं नाही."

त्यांनी हातातला मग खाली ठेवला. 

"ते ती गेली त्याच वर्षी वाळलं. तू रोज शाळेत जाताना त्याच्याशी बोलायचीस. तुला रिकामी कुंडी कशी दाखवणार होतो मी? तसलंच आणायचं, तर नर्सरीत मागू काय? नाव कुठे माहीत होतं! मग दिसेल ते हिरवं उचलून आणलं."

तिला रागवायचं होतं. आईच्या झाडाचं नाव आता कधीच कळणार नव्हतं. पण रडूच आलं. ती कुंडीशी बसली आणि डोळे पुसत तिने विचारलं, "म्हणजे हे दुसरं?"

"पाचवं," वडील म्हणाले. "दर वेळी वाटायचं, आज पकडला जाणार."