जिवंत तोंडचं उदाहरण

ताटं मांडली होती, पण भांड्यांवरची झाकणं काढायची कुणाची टाप नव्हती. त्या घरचा रिवाजच तसा. कोशकार सासरे ज्या शब्दापाशी अडलेले असत, तो घालून प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, मगच घास. जिवंत तोंडचं उदाहरण ताज्या भाजीसारखं, असं ते म्हणत. भाजी बिचारी रोज निवून जाई.

आजचा शब्द होता ‘छळ’.

सुनेचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी रंगाच्या कारखान्यातून फोन आला होता. रंगाशी रंग जुळवणारी तिच्यासारखी नजर त्यांना दुसरी सापडली नव्हती; पण उद्या हजर हो, नाहीतर जागा गेली. लग्नाआधी ती तिथेच होती. मग सासरी तिचं अक्षर मोत्यासारखं निघालं, आणि तिथेच घात झाला. कोशाची स्वच्छ प्रत तेव्हापासून तिच्या गळ्यात.

तिच्या नवऱ्याने भुकेपोटी पहिलं वाक्य टाकलं. “डास माझा छळ करतात.”

“डास चावतात रे,” सासरे मायेने म्हणाले. “छळ म्हणजे मुळात छल, कपट. दुखवणं मागाहून आलं. डासाला कुठे गोड बोलता येतं?”

पण कपटाचं दुखवणं झालं कसं, तो सांधा काही त्यांना सापडेना. त्यांनी दाढी खाजवली, छत न्याहाळलं, पाण्याचा घोट घेतला.

सुनेची पाळी आली. वाक्याऐवजी तिने विचारलं, उद्यापासून कामावर जाऊ का.

सासऱ्यांचा चेहरा लोण्याहून मऊ झाला. “अगं पोरी, जायचंच आहे तुला. मी कधी नाही म्हटलंय का? एवढा कोश होऊ दे, की लगेच.”

सुनेच्या मनात आलं, दगडावर डोकं आपटता येतं. उशीवर आपटून काय व्हायचं?

उरल्या सासूबाई. कधीकाळी त्या शाळेत गाणं शिकवत, एवढं सून ऐकून होती. त्यांचं वाक्य मात्र आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्यांची पाळी येईतो बाकीचे जेवायला लागलेले असत. आज त्यांनी न विचारता झाकण काढलं आणि आधी सुनेला वाढलं.

“जेव आणि उद्याची कामाची बॅग भर,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “अहो, तुमचं आत्ताचंच वाक्य घाला उदाहरणाला. मी ते पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा कोश ‘अ’वर होता.”